स्पेनच्या पाचव्या डिव्हिजनच्या बेंचवर

गावाकडनं पोरांचे मेसेज येत असतात, दादा स्पेनमध्ये कोचिंगचं लायसन्स कसं काढायचं, खर्च किती, तिकडं जॉब मिळतो का. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. आधीच सांगतो, यात बार्सा-रियालचं काही नाही. हे आहे तेर्सेरा फेदेरासिओनचं, म्हणजे स्पेनमधली वरून पाचवी पायरी, जिथं मॅच रविवारी दुपारी बाराला असते आणि बघायला आलेल्यांत निम्मे लोक प्लेयरांचे आईबाप, बायका नाहीतर शेजारी असतात. आणि लायसन्सपेक्षा जास्त हे आहे एका कोचबद्दल, ज्यांच्या हाताखाली मी काम केलं. त्यांचं नाव देणार नाही, क्लबचंही नाही. तिकडं कुठल्याही कोचला प्लेयर मिस्टर म्हणूनच हाक मारतात, तर इथंपण मिस्टर.

माझं थोडक्यात. मी कोल्हापूरचा, पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध शिवाजी या तालमींच्या फुटबॉल मॅच बघत वाढलो, तालमीच्या दुसऱ्या टीमकडनं थोडं खेळलो, फार काही उजेड पाडला नाही. नोकरी सॉफ्टवेअरची, कंपनीनं बार्सिलोनाला पाठवलं, तिथंच राहिलो. स्पॅनिश कोच म्हणजे काय चीज असते हे मात्र बार्सिलोनात नाही, गोव्यामुळं कळलं. २०१७ ला सर्जिओ लोबेरा एफसी गोवाला कोच म्हणून आला आणि ती टीम जे काय खेळायला लागली, गोलकीपरपासून पास पास पास, स्ट्रायकर कोरोमिनास समोर गोल मारतोय धडाधड, आम्ही चार जण कोल्हापुरातनं रात्रीची गाडी पकडून गोव्यातल्या फातोर्ड्याला मॅच बघायला जायचो. तेव्हा हा लोबेरा आधी होता कुठं म्हणून शोधलं तर सान रोके दे लेपे, सेउता असली नावं, म्हणजे तेव्हाच्या सेगुंदा बे मधल्या टीम, तिसरी डिव्हिजन. मला वाटलं होतं बार्सिलोनाचा कुणी बडा माणूस असेल. बार्सिलोनाच्या सी टीमला होता हे खरं, पण स्पेनमधली पुढची वाटचाल सगळी खालच्या लीगमधली. हाच माणूस पुढं मुंबई सिटीला गेला आणि २०२०-२१ ला एकाच सीझनला लीग शील्ड (टेबलात पहिलं आल्याची) आणि कप दोन्ही घेऊन गेला, कपची फायनल परत फातोर्ड्यातच. तेव्हापासून डोक्यात होतं की अशी माणसं तयार होतात ती जागा एकदा आतनं बघायची.

तर कागद. पोरांनो, बॉल दिसायच्या आधी कागद दिसतात. मी कातालान फेडरेशनमार्फत, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कातालुनियाच्या, यूएफा सी केलं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं सी लायसन्स. फी दरवर्षी बदलते, ती त्यांच्या साइटवर बघा, मला विचारू नका. सीच्या प्रॅक्टिकलला लहान पोरांची टीम घ्यावी लागते आणि स्पेनमध्ये अल्पवयीन मुलांबरोबर काम करायचं तर लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदीत तुमचं नाव नाही असा सरकारी दाखला लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फुकट. पण परदेशी माणसाला वरनं स्वतःच्या देशाचापण दाखला लागतो, म्हणजे आपला पोलिस क्लिअरन्स, त्यावर अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का), मग अधिकृत भाषांतरकाराकडनं त्याचं स्पॅनिश भाषांतर. यात जो वेळ जातो तो धरूनच अर्ज करा. मी हे सगळं इंडियात सुट्टीला आलो होतो तेव्हा करून घेतलं, तिकडं बसून करणाऱ्यांचे हाल बघितलेत.

यूएफाचा हिशोब असा आहे की सी किमान ६० तासांचं, बी १२०, ए १८० आणि प्रो ३६०. वाचायला सोपं वाटतं, पण हे एकामागून एक सलग होत नाही, मधे काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, प्रत्येक पायरीला जागा मर्यादित, आणि लायसन्स मिळालं तरी तीन वर्षांनी रिन्यू करायला परत पंधरा तासांचं शिक्षण. म्हणजे ज्याला प्रोपर्यंत जायचंय त्यानं आयुष्यातला मोठा तुकडा बाजूला काढून ठेवायचा.

वर्गात कोण होतं सांगतो, कारण मला तेच सगळ्यात भारी वाटलं. एक पोस्टमन, एक सुपरमार्केटात कॅशवर बसणारा, दोन पोरी ज्या स्वतः लीग खेळत होत्या, शाळेचे पीटी मास्तर तीन-चार, आणि एक निवृत्तीला आलेला लेफ्ट बॅक ज्यानं कधीकाळी दुसऱ्या डिव्हिजनला मॅच खेळल्या होत्या आणि तो मागच्या बाकावर बसून गुपचूप सगळं लिहून घ्यायचा. कॅशवाल्याला विचारा, विरोधी टीम तीन बॅकनं खेळली तर तुझा विंगर कुठं उभा राहणार, तो पाच मिनिटं न थांबता बोलणार. आपल्याकडं पेठेत लोक रात्री एक वाजेपर्यंत मॅचवर बोलतात, पण ते कुणी काय घाण केली यावर. हे लोक जागेवर बोलतात. मोकळी जागा कुठं होती, कुणी तयार केली, दोन सेकंद आधी बॉल गेला असता तर काय झालं असतं.

शिकवणाऱ्यांचा एकच धोशा होता, का. तुम्ही रोंदो लावला, म्हणजे बाहेरच्यांनी बॉल फिरवायचा आणि आतल्यांनी हिसकवायचा, चार बाहेर दोन आत, चौकोन आठ बाय आठचा. का आठ? दहा का नाही? दोन टचची सक्ती का? यातनं तुमच्या मॅचमधला कुठला प्रॉब्लेम सुटणार आहे? उत्तर नसेल तर सेशन परत लिहून आणा. बारा वर्षांखालची पोरं तिकडं सात-सातनं खेळतात, छोट्या मैदानावर, आणि त्यानंतर एकदम अकरा-अकरावर जातात. त्या उडीत पोरं कशी हरवतात, पल्ला वाढला की पास कसे मधेच मरतात, यावर एक अख्खं लेक्चर होतं. मला आपल्या म्युनिसिपालिटीच्या ग्राउंडवर दहा वर्षांची पोरं मोठ्या पोस्टमध्ये गोलकीपर म्हणून उभी राहतात ते आठवत होतं. असो.

प्रॅक्टिकल झालं, पोरांच्या टीमला मदतनीस म्हणून एक सीझन काढला, पोरं आपापसात कातालान बोलायची, मला बघून स्पॅनिशवर यायची, आणि मी चिडलो की मराठीत ओरडायचो ते त्यांना लै आवडायचं. त्याच क्लबच्या सीनियर टीमला २०२४ च्या उन्हाळ्यात नवे मिस्टर आले. त्यांना व्हिडिओ कापणारा माणूस पाहिजे होता, पैसे नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला आहे एवढं ऐकून त्यांनी मला घेतलं. फुटबॉलबद्दल एक प्रश्न विचारला नाही. गाडी आहे का एवढं विचारलं.

मिस्टरांचं करिअर मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, बहुतेक गाडीत. पन्नाशी ओलांडलेली. स्वतः सेगुंदा बे मध्ये सेंटर बॅक होते, तेहतीस-चौतीसला थांबले, लगेच त्याच क्लबची एकोणीस वर्षांखालची टीम मिळाली, मग सीनियर, मग पुढं वीसेक वर्षांत डझनभर क्लब. काही ठिकाणी दोन सीझन, काही ठिकाणी आठ आठवडे. एका गावात प्लेऑफला गेले आणि अवे गोलवर (बरोबरी झाली की दुसऱ्याच्या मैदानावरचे गोल जास्त धरायचे तो नियम) बाहेर पडले, तो गोल कसा झाला ते अजून चमचे-मिठाची डबी मांडून दाखवतात. एका क्लबनं जानेवारीपासून पगारच दिला नाही, प्लेयर ट्रेनिंगला यायचे बंद झाले, तरी यांनी पंधरा जण जमवून मॅच खेळवल्या. दोन जुने क्लब तर आता अस्तित्वातच नाहीत. त्यांच्याकडं यूएफा प्रो आहे, म्हणजे कागदावर बघाल तर ग्वार्दिओलाकडं जे लायसन्स आहे तेच. आणि सकाळी आठ ते दुपारी दोन ते एका शाळेत पीटी शिकवतात, कारण घर त्यावर चालतं. शाळेची नोकरी सोडून पूर्ण वेळ कोच असं त्यांच्या आयुष्यात तीनदा झालं आणि तिन्ही वेळा परत शाळेत यावं लागलं, हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, हवामान सांगावं तसं सांगतात.

इथं लीगची रचना समजून घ्या नाहीतर पुढचं कळणार नाही. वर प्रिमेरा आणि सेगुंदा. त्याखाली २०२१ पर्यंत सेगुंदा बे होती, साधारण ऐंशी टीम, चार ग्रुप, आणि त्यातनं वर जायला फक्त चार जागा, त्यापण प्लेऑफनं, सोळा टीम त्यात लढणार. वर्षभर टेबलात पहिलं राहून जूनच्या दोन मॅचमध्ये सगळं घालवलेले कोच तिकडं गल्लोगल्ली सापडतात. २०२१ ला फेडरेशननं सगळं मोडून नवीन मांडलं. आता तिसऱ्या पायरीला प्रिमेरा फेदेरासिओन, ४० टीम. चौथीला सेगुंदा फेदेरासिओन, ९० टीम पाच ग्रुपमध्ये. आणि पाचवीला आमची तेर्सेरा, प्रांतांप्रमाणे १८ ग्रुप, कातालुनियाचा पाचवा. प्रत्येक ग्रुपचा पहिला नंबर थेट वर, दुसरा ते पाचवा प्लेऑफ. म्हणजे एकट्या तेर्सेरात तीनशेच्या वर बेंच आहेत, आणि प्रत्येक बेंचसाठी घरी बसलेले किमान चार-पाच लायसन्सवाले. तुम्ही लायसन्स काढणार म्हणजे त्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहणार, एवढं लक्षात ठेवा.

आठवडा कसा असायचा. ट्रेनिंग मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रात्री साडेआठला, कारण त्याआधी ग्राउंडवर पोरांच्या टीम असतात. साडेआठलासुद्धा अर्धंच ग्राउंड मिळायचं, उरलेल्या अर्ध्यात अंडर-१६ वाले. पूर्ण ग्राउंड साडेनऊनंतर, आणि अकराला लाइट बंद. मिस्टरांचं सगळं प्लॅनिंग या दीड तासाभोवती. अर्ध्या ग्राउंडवर प्रेसिंग, म्हणजे समोरच्याला घेरून बॉल काढून घेणं, शिकवता येतं पण लांब बॉलनंतरची धावपळ शिकवता येत नाही, म्हणून ते शेवटी. टीममध्ये इलेक्ट्रिशियन, दोन डिलिव्हरीवाले, कॉलेजची पोरं, गोदामात रात्रपाळी करणारा एक मिडफिल्डर जो दर तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी गायब असायचा, आणि एक छत्तीस वर्षांचा स्ट्रायकर, कधीकाळी दुसऱ्या डिव्हिजनला खेळलेला, ज्याला सगळ्यांपेक्षा जास्त पैसे मिळायचे आणि ते सगळ्यांना माहीत होतं. अशा बावीस लोकांना रात्री साडेआठला, नोव्हेंबरच्या थंडीत, तू आज बेंचवर आहेस हे सांगून परत मंगळवारी यायला लावायचं. माझ्या मते मिस्टरांचं खरं काम हेच होतं. टॅक्टिक्स त्यामानानं सोपं.

माझं काम म्हणजे उंच स्टँडवर कॅमेरा लावून मॅच शूट करायची, रात्री बसून कापायची, आणि पुढच्या विरोधी टीमची क्लिप बनवायची. पहिल्यांदा मी वीस मिनिटांची बनवली, ग्राफिक्स, बाण, गोल, सगळं. मिस्टरांनी बघितली, छान आहे म्हणाले, आणि सहा मिनिटांची करून मागितली. त्यातल्या तीन कॉर्नर-फ्रीकिकच्या, दोन त्यांच्या सेंटर बॅकला उजव्या पायावर कसं ढकलायचं याच्या, आणि एक मिनिट आपल्याच चांगल्या गोष्टींचं, कारण लोक दिवसभर बॉसची बोलणी खाऊन आलेले असतात. तेर्सेराची ग्राउंडं बहुतेक आर्टिफिशियल टर्फची, त्यात रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी. मिस्टर मॅचच्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि एका साइडलाइनपासून दुसऱ्या साइडलाइनपर्यंत चालत पावलं मोजायचे. अरुंद असेल तर लांब थ्रोवाला राइट बॅक, रुंद असेल तर दुसरा. शूजमधनं निघणारे रबराचे काळे दाणे माझ्या गाडीत अजून सापडतात.

आमच्या पट्ट्यात, म्हणजे बार्सिलोनाच्या दक्षिणेला योब्रेगात नदीच्या बाजूला, प्रत्येक गावाचा क्लब आणि प्रत्येक बारमध्ये कोचांच्या गोष्टी. कोर्नेयाची सगळ्यात ताजी. २०२१ च्या जानेवारीत कोर्नेया सेगुंदा बे मध्ये असताना त्यांनी कोपा देल रे मध्ये, म्हणजे स्पेनच्या कप स्पर्धेत, आत्लेतिको माद्रिदला १-० नं हरवलं, तेही स्वतःच्या टर्फवर, आणि दोनच आठवड्यांनी बार्सिलोनाला एक्स्ट्रा टाइमपर्यंत ओढलं. कोच होता गिएर्मो फेर्नांदेस रोमो. त्या दोन मॅचनंतर सगळ्या स्पेनला त्याचं नाव कळलं, पुढच्या सीझनला रासिंग सांतांदेरनं त्याला घेतलं, त्यानं त्यांना २०२२ ला दुसऱ्या डिव्हिजनला नेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी त्याला काढलं. वर नेलं म्हणून कुणी ठेवून घेत नाही. बोर्दालास नावाच्या कोचनं २०१६ ला अलावेसला पहिल्या डिव्हिजनला नेलं आणि क्लबनं त्याला निरोप दिला, दुसऱ्या वर्षी त्यानं खेताफेला वर नेलं तेव्हा कुठं पहिल्या डिव्हिजनच्या बेंचवर बसायला मिळालं, वय त्रेपन्न. आलिकांतेच्या आजूबाजूची बारकी बारकी गावं फिरण्यात त्याची वर्षं गेली होती.

बारमध्ये दोन पार्ट्या असतात. एक एमेरीवाली. उनाइ एमेरी लोर्कामध्ये प्लेयर होता, जखमी होता, क्लबनं २००४-०५ च्या सीझनमध्येच त्याला कोच केलं, त्याच जूनमध्ये टीम दुसऱ्या डिव्हिजनला, मग अल्मेरिया, २००७ ला पहिल्या डिव्हिजनला, पुढं मोठमोठे क्लब, ते तुम्हाला माहितीय. यांचं म्हणणं, हुशार असशील तर दोन-तीन वर्षांत दिसतं. (तो लोर्का क्लब पुढं बंद पडला, हे ते सांगत नाहीत.) दुसरी पार्टी मेंदिलिबारवाली. हा बास्क माणूस आरातिया नावाच्या छोट्या क्लबपासून सुरुवात करून लान्सारोते, एइबार असं फिरत राहिला, मोठ्या क्लबनी काढलं, परत आला, आणि साठी ओलांडल्यावर २०२३ ला सेवियाबरोबर युरोपा लीग आणि २०२४ ला ओलिंपियाकोसबरोबर कॉन्फरन्स लीग. लुइस दे ला फुएन्तेचंपण तसंच, पोर्तुगालेते, आउरेरा, मग अलावेस तिसऱ्या डिव्हिजनला असताना २०११ ला थोडक्याच मॅचमध्ये घरी, आणि २०२४ ला हाच माणूस स्पेनला युरो जिंकून देतो. मिस्टर कुठल्या पार्टीत असं मी विचारलं तर म्हणाले, मी त्या पार्टीत ज्यांना उद्या सकाळी आठला शाळा आहे.

ऑक्टोबरात आमचं गाडं अडलं. छत्तीसवाल्याचा पोटरीचा स्नायू गेला, सलग मॅच हरलो, दोन तर शेवटच्या पाच मिनिटांत. तुम्ही आत असता तेव्हा वास येतो. बोर्डातले लोक ट्रेनिंगला दिसायला लागतात, आधी कधी न दिसलेले. ग्राउंडच्या बारमध्ये मिस्टर आले की आवाज कमी होतो. अध्यक्ष बोलताना डोळे चुकवतात. मिस्टरांना सगळं कळत होतं, शुक्रवारी गाडीत मला म्हणाले, रविवारी हरलो तर सोमवारी फोन दुपारी येईल, सकाळी त्यांना माहितीय मी वर्गावर असतो. हरलो. फोन दुपारी आला. मंगळवारी ते ग्राउंडवर आले, प्लेयरांना ड्रेसिंग रूममध्ये दोन मिनिटं बोलले, प्रत्येकाशी हात मिळवला, छत्तीसवाला रडला, आणि मॅग्नेटचा बोर्ड स्वतःचा होता तो उचलून घेऊन गेले. भांडण नाही काही नाही. राहिलेल्या पैशांचं काय, तर क्लबनं थोडे देऊन मिटवायचं म्हटलं, फेडरेशनच्या कोच कमिटीकडं दाद मागता येते पण ज्यांना पुढच्या वर्षी याच पट्ट्यात काम पाहिजे ते शक्यतो मागत नाहीत. मला हे पटलं नाही. त्यांना सांगितलंपण. ते म्हणाले, तुला पटायची गरज नाही, तुझी दुसरी नोकरी आहे.

नवा कोच स्वतःची माणसं घेऊन आला, त्यात व्हिडिओवालापण होता, मग मी परत अंडर-१६ कडं. ते काही वाईट नव्हतं, उलट साडेनऊला घरी. टीम शेवटी वाचली, नव्या कोचनं वाचवली म्हणा किंवा पोटरी बरी झाली म्हणा, बारमध्ये दोन्ही मतं आहेत.

आता जे सांगतो ते मला कुठल्या कोर्सला कुणी शिकवलं नव्हतं. काढलेला कोच हिवाळ्यात काय करतो? मॅच बघतो. मिस्टर दर रविवारी सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात, आणि गाडी माझी असल्यामुळं मीपण. तिकिटाचा प्रश्न नसतो, दारावरचा माणूस ओळखतो. आत गेलं की बघावं तिकडं असेच दोन-तीन जण, जाकिटाच्या खिशात हात घालून, कठड्याला टेकून, एकमेकांना मान हलवून नमस्कार. जत्रेच्या मैदानात कुस्ती ठरायची वाट बघत पैलवान कडेला उभे असतात ना, अगदी तसं. कुणी स्पष्ट बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं की या बेंचवरचा हलतोय. बेंचवरच्यालापण माहीत असतं, तो मागं वळून बघतो, कोण कोण आलंय. मिस्टरांनी हे दोन्ही बाजूंनी अनुभवलेलं. तरी ते मॅच मात्र मनापासून बघायचे, वहीत लिहायचे, परत येताना सगळा रस्ता त्या टीमच्या डाव्या बाजूवर चर्चा. आपला या टीमशी काय संबंध असं मी विचारायचं बंद केलं.

याच गाडीत इंडियाचा विषय निघाला. त्या पट्ट्यात मानोलो मार्केस सगळ्यांना माहीत. प्रात, बादालोना, एस्पान्योलची बी टीम, असा कातालुनियाच्या खालच्या लीगमध्ये घासलेला माणूस, २०१७ ला लास पाल्मासमुळं पहिल्या डिव्हिजनला पोचला तो पण थोडक्या मॅचपुरता, आणि मग हैदराबादला जाऊन २०२१-२२ चा आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा कप घेतला, मग एफसी गोवा. आम्ही गाडीतनं गावं फिरत होतो तेव्हा तो गोव्याबरोबरच भारताच्या टीमचापण कोच होता. मिस्टरांच्या डोक्यात साहजिकच चक्र. मला विचारायचे, गोव्यात पाऊस किती, फेब्रुवारीत गरम किती, लोक येतात का बघायला, पगार वेळेवर देतात का. शेवटच्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. लोक येतात का म्हटल्यावर मी मोबाइलवर आमच्या पेठांच्या मॅचचा व्हिडिओ दाखवला, शाहू स्टेडियम खचाखच, झेंडे, हलगी. गाडी सिग्नलला होती. त्यांनी पूर्ण बघितला, परत मागं नेऊन बघितला. मला वाटलं गर्दी बघून थक्क झाले. म्हणाले, हा लेफ्ट बॅक फार पुढं राहतो.

एका एजंटनं २०२५ च्या वसंतात खरोखर विचारणा केली, इंडियातला एक क्लब, असिस्टंट म्हणून. सीव्ही पाठवला, मी इंग्लिश करून दिला, व्हिडिओ कॉलची तारीखपण ठरली होती, आणि जुलैत आयएसएलच पुढच्या सूचनेपर्यंत थांबवली. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला होता, नवा होत नव्हता. कॉल झालाच नाही. मी मिस्टरांना सॉरी म्हणालो, देशाच्या वतीनं म्हणा. त्यांना फार काही वाटलं नाही. आमच्याकडं पहिल्या डिव्हिजनचा चॅम्पियन देपोर्तिवो वीस वर्षांनी तिसऱ्या डिव्हिजनला जाऊन बसतो, सालामांका क्लब कर्जापायी २०१३ ला बंद होतो, तुमची लीग थोडी उशिरा सुरू होतेय एवढंच, असं म्हणाले.

तेवढ्यात मी यूएफा बीला नंबर लावला होता तो लागला. बी मध्ये विषय तेच पण खोल, पूर्ण सीझनचं नियोजन लिहून द्यावं लागतं, आणि तिथं मला मिस्टरांच्या त्या दीड तासाच्या, अर्ध्या ग्राउंडच्या प्लॅनिंगचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचा नाही. मास्तरांनी विचारलं अर्धंच ग्राउंड का धरलंस, मी म्हटलं उरलेल्या अर्ध्यात अंडर-१६ आहेत. सगळा वर्ग हसला, मार्क पूर्ण मिळाले.

ज्यांना कोल्हापुरातनं थेट स्पेनला यायचंय त्यांच्यासाठी माझं मत. फक्त लायसन्ससाठी कर्ज काढून येऊ नका. आपल्याकडं एआयएफएफचं (भारताचं फेडरेशन) डी लायसन्स आहे, मग एएफसीचं (आशियाची संघटना) सी, बी, ए, प्रो, महाराष्ट्रात विफामार्फत (राज्याची फुटबॉल संघटना) कोर्स होतात, तिथनं सुरू करा, शाळेची एक टीम घ्या, अनिकेत जाधव अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला तो आपल्याच जिल्ह्यातला, पोरं आहेत, शिकवणारे कमी आहेत. इकडं उलटं आहे. शिकायला, नोकरीला कसंही इकडं येणारच असाल तर मात्र पहिल्याच महिन्यात जवळच्या गावाच्या क्लबात जा आणि फुकट काम मागा. गाडी असेल तर आधी ते सांगा.

मिस्टरांना शेवटी क्लब मिळाला. दोन डिव्हिजन खाली, प्रिमेरा कातालाना, गाव डोंगराकडं आहे, ट्रेनिंग मंगळवार आणि गुरुवार, नऊला, ग्राउंड पूर्ण मिळतं म्हणून खूश आहेत. पैसे पेट्रोलपुरते. मला दुसरा असिस्टंट म्हणून बोलावलंय आणि या वेळी व्हिडिओ नाही, बचावाची लाइन मी बघायची. माझे बीचे क्लास सोमवारी आणि बुधवारी असतात, त्यामुळं जमतंय. आई फोनवर विचारत होती की प्रमोशन झालं का. मी हो म्हणून सांगितलंय.